बारा पानांचा कोल्हापुरी सुपरहिरो : चेहरे, रंग, बोली आणि छपाई

पहिल्यांदाच सुपरहिरो कॉमिक काढणाऱ्याची वही उघडली की बहुतेक वेळा एकच चेहरा सापडतो. नायक, त्याचा दोस्त, खलनायक, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळ्यांचा जबडा तोच आणि नाकही तेच. केस बदलले, रंग बदलला की झाला नवा माणूस. अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांनी कित्येक वर्षं हेच केलं. त्यांच्या चुका छापील आहेत, म्हणून आपल्याला त्या फुकटात बघता येतात.

या लेखात ए-५ आकाराचं, १२ पानांचं, कोल्हापुरात घडणारं सुपरहिरो कॉमिक कसं उभं करायचं ते आहे, आणि त्यात माणसं एकाच साच्यातली निघू नयेत यावर जास्त भर आहे. वेगवेगळ्या वंशांची, जातीधर्मांची माणसं आहेत असं मागच्या कव्हरवर लिहून काही होत नाही. ती चार ठिकाणी दिसतात: चेहऱ्याच्या रेषेत, कातडीच्या रंगात, संवादाच्या फुग्यातल्या बोलीत आणि गोष्टीतला निर्णय कोण घेतं यात.

१. आधी पेन्सिल घेऊन वाचा

घरात किंवा रद्दीवाल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा जुना वेताळ (म्हणजे फँटम) मिळाला तर तिथूनच सुरुवात करा. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका मराठीतही येत होती आणि वेताळ तर आपल्याकडे घरचाच झाला होता. कागदावर तीन रकाने आखा: किती चौकटींत दिसला, किती फुगे मिळाले, किती निर्णय घेतले. वेताळ आणि त्याच्या भोवतीचे जंगलातले काळे लोक, दोघांच्या पुढे रेघा मारत जा. पहिल्या रकान्यात फार तफावत दिसणार नाही, तिसऱ्यात डोळे उघडतील. गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर राज्य करतो आणि जंगलातले लोक त्याची वाट बघत बसतात, हा १९३६ मधला साचा आहे. लहानपणी तो कुणालाच खटकला नव्हता. साचा असाच असतो.

मग पुढच्या अंकांकडे वळा. सगळं वाचायची गरज नाही, प्रत्येक अंकात एकच गोष्ट बघायची.

'फँटॅस्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात, १९६६ मध्ये, ब्लॅक पँथर आला. तो वाकांडा या आफ्रिकेतल्या काल्पनिक देशाचा राजा आहे आणि त्याचं तंत्रज्ञान पाहुण्यांच्या पुढचं आहे. इथे बघायचं ते घर: त्याचा देश पाठीमागचा पडदा नाही, गोष्ट त्या देशामुळे घडते. १९६९ मध्ये फाल्कन हा आणखी एक काळा नायक आला. १९७२ मध्ये ल्यूक केज या काळ्या नायकाला स्वतःचा अंक मिळाला. त्याचा आश्चर्योद्गार 'स्वीट ख्रिसमस!' मुद्दाम ऐका. खऱ्या गल्लीत असं कुणी बोलत नाही. बाहेरच्या माणसाने कल्पनेतून लिहिलेली बोली कशी वाजते, हे त्यातून कळतं.

१९७५ मध्ये 'एक्स-मेन'ची नवी तुकडी आली. केनियातली स्टॉर्म, जपानचा सनफायर आणि अपाची जमातीतला थंडरबर्ड एकाच अंकात दिसले. त्याच वर्षी ९५ व्या अंकात थंडरबर्ड मेलासुद्धा. संघात सर्वांत नवा, सर्वांत वेगळा, आणि पहिला बळी तोच. तुमच्या गोष्टीत पहिला मरणारा कोण आहे, ते आत्ताच तपासा.

१९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या कृष्णवर्णीय मंडळींनी माइलस्टोन ही स्वतःची कंपनी काढली. त्यांची युक्ती साधी, पण कामाची होती: काळा नायक एकच ठेवायचा नाही. एकच असला की सगळ्या समाजाचा भार त्याच्या डोक्यावर येतो, मग त्याला चुकता येत नाही, चिडता येत नाही, विनोद करता येत नाही. त्यांच्या 'आयकॉन'मध्ये आयकॉन जुन्या विचारांचा श्रीमंत वकील आहे आणि रॉकेट गरीब वस्तीतली मुलगी. दोघेही काळे आणि दोघांचं सतत वाजतं. हा नियम थेट उचला: ज्या समाजातलं पात्र घ्याल, त्याच समाजातलं आणखी एक पात्र घ्या आणि दोघांचं एका मुद्द्यावर पटू देऊ नका.

शेवटचे दोन अंक जोडीने वाचा. २००४ मधल्या 'स्पायडर-मॅन: इंडिया'त पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, पोशाखात धोतर आलं, आत्या-काकांची नावं बदलली. चित्रं देखणी आहेत, पण नावापासून प्रसंगापर्यंत मूळ गोष्टच भाषांतर होऊन आली आहे. २०१४ मधली कमला खान, म्हणजे नवी 'मिस मार्व्हल', उलट बाजूने येते. पहिल्याच पानावर ही जर्सी सिटीतली मुसलमान मुलगी दुकानात बेकनच्या सँडविचचा फक्त वास घेत उभी असते. खायचं नाही, पण वास सोडवत नाही. धर्म, वय, हाव, विनोद, सगळं एका चौकटीत. एवढं बारीक तुमच्या पहिल्या पानावर जमलं तर पुढचं सोपं आहे.

२. माणूस ठरवताना

कोल्हापुरात 'वेगळी' माणसं कुठून आणायची, हा प्रश्न पडत असेल तर इतिहास थोडा चाळा. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आफ्रिकी वंशाचा होता. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्याच परिसरात पुढे फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले आणि गांधीनगरची कापडबाजारपेठ झाली. कुरुंदवाडला गणपती मशिदीत बसतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथे बसून अशा नोंदी काढता येतात. आफ्रिकी आणि युरोपी चेहरे आपल्या मातीत आधीच येऊन गेले आहेत, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कला जायला नको.

समजा, नायिका सोळा वर्षांची सुमी, चप्पल कारागिराच्या घरातली. बहुतेकांच्या डोक्यात लगेच येतं की तिची शक्ती चामड्याची असावी: चामड्याचं चिलखत, उडणारी चप्पल, असलं काहीतरी. तिथेच थांबा. हीच चूक अमेरिकेत झाली. काळ्या नायकांच्या नावाआधी 'ब्लॅक' लागलं आणि कितीतरी जणांना वीजच मिळाली: ब्लॅक लाइटनिंग, स्टॅटिक, स्टॉर्मचं वादळ, नव्या स्पायडर-मॅनचा, माइल्स मोरालेसचा, विजेचा झटका. एकेकट्याने बघितलं तर सगळे चांगले आहेत, पण रांगेत उभे केले की हसू येतं. माणसाची जात, वंश किंवा घरचा धंदा हीच त्याची शक्ती झाली की तो माणूस उरत नाही, पाटी होते.

म्हणून सुमीला दुसरी शक्ती द्या. तिला पाण्याचा आवाज ऐकू येतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आहे ते तिला कानाने कळतं. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, त्यामुळे गोष्टीला आपोआप घड्याळ मिळतं: प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक आकडा, वाढत जाणारा.

घर मात्र लपवायचं नाही. ते तिच्या हातात दिसू दे. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, त्याच्या सोबत राहून बोटांच्या टोकांना पिवळट तपकिरी डाग. दाराशी रापी आणि आरी, वडिलांच्या मांडीजवळ वादीची गुंडाळी, कान लावायचे राहिलेले चपलांचे जोड उलटे टाकलेले. तीन चौकटींत मिळून एवढंच पुरे. ही वस्तू काय, ती काय, असं सांगणारा फुगा टाकलात की माहितीपट सुरू होतो.

प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक पान करा. त्यावर लिहा: कुणाशी भांडतं, कशाला हसतं, सकाळी काय खातं, काय परवडत नाही, कशाची लाज वाटते. शक्ती सगळ्यांत शेवटी. पान भरायला अडलात तर त्या वस्तीत अजून पुरेसं फिरणं झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

३. चेहऱ्याची रेष

महाद्वार रोडला किंवा एसटी स्टँडवर संध्याकाळी बसा आणि दोन-दोन मिनिटांची दहा रेखाटनं करा. डोळ्यांपासून सुरुवात करू नका, कारण आपला हात डोळे पाठ केल्यासारखे एकाच पद्धतीने काढतो. आधी डोक्याचा आकार घ्या, मग नाकाची रुंदी आणि वरच्या ओठापर्यंतचं अंतर, मग कान. पैलवानाचे कान मातीत घासून मोडलेले असतात, कोबीच्या गड्ड्यासारखे. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या आसपास उभं राहिलात तर एका तासात चार वेगळे नमुने मिळतील. कुणाचा जवळून फोटो घ्यायचा असेल तर विचारून घ्या.

चाचणी सोपी आहे. सगळ्या पात्रांची डोकी एका रांगेत, रंग न भरता, टकलं काढा. आता कोण कोण ते ओळखू येतं का? येत नसेल तर फरक फक्त रंगात आहे, रेषेत नाही.

गडद चेहऱ्याबाबत एक जुनी खोड आहे: रंग दाखवण्यासाठी शाईने बारीक रेघांची जाळी भरणे. त्याने चेहरा मळलेला दिसतो आणि हावभाव जातात. गडद चेहऱ्यावर शाई उलट कमी लागते. बाह्यरेषा, भुवया, नाकपुडीखालची सावली आणि ओठांची मधली रेघ. बाकी काम रंगाला करू द्या.

४. कातडीचा रंग

नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं सावकाश.

जुन्या अमेरिकी कॉमिक्समध्ये निळा, लाल आणि पिवळा यांच्या प्रत्येकी तीनच जाडीचे ठिपके मिळत. ठिपका नसणं धरलं तर चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग. त्यात गुलाबी कातडी सहज बसायची. तपकिरी कातडी निळा मिसळल्याशिवाय व्हायची नाही आणि निळा थोडा जास्त पडला की माणूस राखाडी किंवा जांभळा. स्वस्त न्यूजप्रिंटवर राखाडी तर धड छापताच येत नसे. हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात राखाडी होता, पुढच्याच अंकापासून हिरवा झाला, त्याला हेच कारण सांगतात. हल्कचं निभावलं. काळ्या माणसाला असं रंग बदलून कसं चालेल?

आज आपल्याकडे संगणक आहे, तरी तीच राख अजून पडते. कारण पडद्यावरचा रंग आरजीबीत (लाल, हिरवा, निळा उजेड) असतो आणि छपाई सीएमवायकेत (निळी, किरमिजी, पिवळी, काळी शाई). फाइल पहिल्या दिवसापासून सीएमवायकेत ठेवा. क्रिता हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याला चालतं. सुरुवातीला हे आकडे वापरून बघा, क्रम निळा, किरमिजी, पिवळा, काळा:

गव्हाळ: १०, ३०, ४५, ०
सावळा: २०, ५०, ६५, १०
गडद: ३०, ६५, ७५, ३५
खूप गडद: ४५, ७०, ७५, ५०

आकड्यांपेक्षा त्यामागचं सूत्र लक्षात ठेवा. किरमिजी आणि पिवळा हे निळ्याच्या बरेच पुढे हवेत. निळा किरमिजीच्या जवळ सरकला की कातडी राखेची होते. पिवळा फार पुढे गेला आणि किरमिजी मागे राहिला की हिरवट, आजारी. चारही आकड्यांची बेरीज २८० च्या वर नेऊ नका, शाई वाळत नाही आणि मागच्या पानाला लागते.

सावली करताना मूळ रंगात काळा ओतू नका. गडद कातडीवर लालसर तपकिरी किंवा जांभळ्याची छटा 'मल्टिप्लाय' थरात (जो खालचा रंग न झाकता गडद करतो) टाका. उजेडासाठी पांढराही मिसळू नका, त्याने पावडर लावल्यासारखं दिसतं. दुपारच्या उन्हात कपाळ, गालाचं हाड आणि नाकाचा कणा यांवर गेरूकडे झुकणारी उबदार छटा द्या. पुराच्या गोष्टीत आभाळ भरलेलं असतं, तिथे त्याच जागी थंड निळसर चमक द्या. ओल्या गडद चेहऱ्यावर ती सुंदर दिसते.

साध्या, चकाकी नसलेल्या मॅपलिथो कागदावर शाई पसरते आणि सगळं पडद्यापेक्षा गडद उमटतं. म्हणून गडद चेहरे पडद्यावर बरोबर वाटतात त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवा. हे गोरं करणं नव्हे, कागद जे खाणार आहे ते आधी देऊन ठेवणं आहे. गव्हाळ चेहऱ्यांनाही तेच करा, नाहीतर दोघांमधला फरक हरवतो.

आणि एक. आपल्या पौराणिक चित्रकथांमध्ये राक्षस काळा-जाडा आणि राजा गोरा, हे डोळ्यांत इतकं मुरलं आहे की हात आपोआप तिकडे जातो. सगळी पानं रंगवून झाली की खलनायकांच्या कातडीचे आकडे एका ओळीत लिहून काढा. सगळे खालच्या दोन ओळींतले निघाले तर परत बसा.

५. बोली आणि अक्षर

कोल्हापुरी पात्र म्हणजे दर चौकटीत 'नाद खुळा' आणि तांबडा-पांढरा रस्सा, हा आपला 'स्वीट ख्रिसमस' आहे. बोली शब्दांपेक्षा क्रियापदात जास्त असते. कोल्हापूरकडची मुलगी सहज म्हणते, "मी जातो, तू थांब हितंच." 'जाते' नव्हे. सुमीच्या तोंडी पुस्तकी 'जाते' घातलंत की ती पुण्याची होते, आणि मुद्रितशोधकाने 'चूक' म्हणून सुधारलं तर त्याला तसं सांगावं लागतं. 'काय करायलाईस', 'व्हय', 'न्हाई' यांतलं पानाला तीन-चार ठिकाणीच घ्या. सगळंच बोलीत लिहिलं तर वाचणारा अडखळतो. वडील जुन्या वळणाचं बोलतील, शाळेतल्या बाई प्रमाण मराठी बोलतील, सुमी दोन्हीकडे वळेल. घरी एक आणि शाळेत एक, हा वळसाच तिची ओळख सांगतो.

शेजारचा मुसलमान रिक्षावाला काढताय? त्याच्या तोंडी 'जनाब' आणि 'अल्ला कसम' घालू नका. तो रस्त्यावर तुमच्यासारखंच मराठी बोलतो. घरातलं त्याचं बोलणं वेगळं असेल, पण त्या घरात तुम्ही गेला असाल तरच ते लिहा.

आता अक्षर. आधी मजकूर बसवायचा, मग त्याच्याभोवती फुगा काढायचा. उलटं केलं की देवनागरी मावत नाही, कारण मात्रा वर जाते आणि उकार खाली. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवा. ए-५ पानावर 'मुक्त' (Mukta) किंवा 'बालू' (Baloo) हे युनिकोड फाँट साधारण १० पॉइंटला नीट वाचता येतात. एका फुग्यात १५ ते १८ शब्द, एका चौकटीत तीसच्या आत. फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली तर मजकुराची मांडणी दक्षिण आशियाई भाषांसाठी बदलायची राहिली आहे. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा ढिगारा होतो, तेव्हा छापखान्यात पाठवताना अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करून पीडीएफ द्या. जोर द्यायला अक्षर तिरपं करू नका, शिरोरेघ घसरल्यासारखी दिसते. जाड करा किंवा मोठं करा.

फुग्याचा आकारही बोलतो. २०११ मध्ये आलेल्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी सौम्य बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला आणि जहरी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. चौकटींची कवायतही त्यांनी सोडून दिली. आंबेडकरांच्या आयुष्याची ती गोष्ट त्यांनी आपल्या हातवळणाने सांगितली. नक्कल नको, पण फुगा अमेरिकेतून आला म्हणून तो अंडाकृतीच हवा असं कुठे लिहिलेलं नाही, एवढं घ्या.

६. पानं लावणं

बारा पानं म्हणजे तीन ए-४ कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले, मधे दुमडून पिना मारलेले. पान १ कव्हर, २ वर नावं, ३ ते ११ गोष्ट, १२ मागचं कव्हर. जोड्या अशा लागतात: १२ आणि १, मागे २ आणि ११. १० आणि ३, मागे ४ आणि ९. ८ आणि ५, मागे ६ आणि ७. प्रत्येक जोडीची बेरीज १३, चुकलं की लगेच कळतं. धक्का द्यायचा प्रसंग सम पानावर ठेवा, कारण पान उलटल्यावर आधी तेच दिसतं. पाणी ४३ फुटांना टेकतं ते पान ८ वर आणि ते टेकल्यावर बोट कुठल्या वस्तीकडे आधी न्यायची हा निर्णय पान ९ वर. तो सुमीने घ्यायचा, आमदारांनी किंवा मुंबईहून आलेल्या एखाद्या केपवाल्याने नाही.

चित्र ए-४ वर काढून ७१ टक्क्यांवर आणा, रेषा घट्ट होते. रंगीत पान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), कडेला ३ मिलिमीटर जादा, मजकूर कडेपासून ८ मिलिमीटर आत. आतल्या पानांना १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम) कागद पुरतो, पण मग पहिला कागद, म्हणजे कव्हरचा, १७० चा आर्ट पेपर घ्या. शंभर-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाईच परवडते.

आधी दोनच प्रती काढा. एक स्वतःकडे, एक वाचायला. ज्या घरातली माणसं काढलीत त्या घरातल्या निदान दोघांना ती द्या, पैकी एक वयाने मोठा असू दे. "कसं वाटलं" विचारू नका, सगळे "भारी" म्हणतात. लाल पेन हातात द्या आणि जिथे 'आमच्यात असं नसतं' वाटेल तिथे फुली मारायला सांगा. रापी चुकीच्या हातात धरली आहे, मुलगी वडिलांना असं बोलणार नाही, देव्हाऱ्यातला फोटो दुसरा हवा, अशा फुल्या येतात. तीनपेक्षा जास्त फुल्या एकाच पानावर आल्या तर ते पान परत काढा, डागडुजी करत बसू नका. पान २ वर या वाचणाऱ्यांची नावं त्यांना विचारून टाका.

डिजिटल छपाईत टोनर कागदावर बसलेला असतो, आत मुरलेला नसतो. त्यामुळे गडद कव्हर दुमडलं की घडीवर पांढरी चीर जाते. दुमडण्याआधी पट्टी लावून बोथट टोकाने घडीची रेघ दाबून घ्या, आणि कव्हरवर सुमीचा चेहरा घडीपासून निदान दोन सेंटिमीटर लांब ठेवा. जुलैत छापत असाल तर कटिंगआधी कागद एक रात्र वजनाखाली ठेवा, नाहीतर दमटपणाने कडा वर वळतात आणि पिना तिरक्या बसतात.